लाईव्ह प्रशिक्षणाआधी सर्व्हर ठोकून बघा



हल्ली बरीच प्रशिक्षणं मोबाईलवर लाईव्ह होतात. मधेच चित्र थांबतं, नुसतं गोल चक्र फिरत राहतं. मग बऱ्याचजणी म्हणतात, "माझाच मोबाईल खराब." दरवेळी तसं नसतं. एकटीचाच फोन अडला तर रेंज बघा. पण तेर, ढोकी, येडशी इथले सगळे फोन एकदम अडले, तर अडचण बहुतेक सर्व्हरची असते.

सर्व्हर म्हणजे व्हिडिओ सगळ्यांना वाटून देणारा कॉम्प्युटर. गावची पाण्याची टाकीच समजा. दहा नळ सोडले तर धार चांगली, दोनशे एकदम सोडले तर थेंब थेंब. साध्या व्हिडिओला एका फोनमागे सेकंदाला अंदाजे 1 मेगाबिट लागतं. सर्व्हरची लाईन 100 मेगाबिटची असेल तर 100 फोन म्हणजे काठोकाठ. तिथं 300 जणींना लिंक पाठवली की अडणारच.

हे आधी तपासतात, त्याला 'लोड टेस्ट' म्हणतात. थापटण्यानं वाजवून मडकं कच्चं की पक्कं ते कळतं, हे गोरोबाकाकांच्या तेरमध्ये वेगळं सांगायला नको. इथं प्रोग्रॅम लावून खोटे प्रेक्षक पाठवतात: आधी 25, मग 50, मग 100. चित्र कुठं अडखळलं तो आकडा लिहून ठेवायचा आणि खऱ्या कार्यक्रमाला त्याच्या बऱ्याच खाली राहायचं. ही टेस्ट फक्त आपल्याच सर्व्हरवर, त्याच्या मालकाला सांगून करायची. दुसऱ्याच्या सर्व्हरवर खोटी गर्दी पाठवणं हा हल्ला ठरतो.

मोठ्या कंपन्याही हेच करतात. 2019 च्या विश्वचषकात भारत-न्यूझीलंड उपांत्य सामना हॉटस्टारवर एका वेळी 2 कोटी 53 लाख लोक बघत होते. त्यासाठी त्यांनी आधीच हजारो कॉम्प्युटरवरून खोटी गर्दी पाठवून तपासणी केली होती. धोनी बाद झाला आणि लोक एकदम व्हिडिओतून बाहेर पडले. व्हिडिओचा भार उतरला, पण सगळे ॲपच्या पहिल्या पानावर आले आणि तिथला भार वाढला. म्हणून गर्दी एकदम आली तर काय आणि एकदम बाहेर पडली तर काय, दोन्ही तपासावं लागतं.

आपल्या बाया रोज बुडवून प्रशिक्षणाला बसतात. म्हणून प्रभागसंघानं कार्यक्रम घेणाऱ्यांना आधीच विचारावं:

1. एका वेळी किती फोन चालतील? टेस्ट कधी केली?
2. अडलं तर दुसरी सोय काय? रेकॉर्डिंग मिळेल का?
3. गर्दी मोठी असेल तर यूट्यूबवर लाईव्ह करता येईल का? तिथं वाटपाचा भार यूट्यूबचे सर्व्हर उचलतात.

आपल्या हातातलं कामही आहे. ग्रामसंघाच्या खोलीत एकच फोन टीव्हीला जोडा आणि वीसजणी मिळून बघा. सर्व्हरवर भार एकाच फोनचा पडतो. लिंक दहा मिनिटं आधी उघडा. चित्र थांबलं तर लगेच सगळ्यांनी पुन्हा पुन्हा लिंक दाबू नका, त्यानं भार आणखी वाढतो. दोन मिनिटं थांबा आणि कोणकोणत्या गावात अडलंय ते ग्रुपवर कळवा.