मुलांची सायंकाळ

सायंकाळचे साडेपांच वाजले, म्हणजे नागपुरांतील कोणत्याही वसाहतींतून एक सहज फेरफटका करावा. रस्त्याच्या दोहों बाजूंस वाहनें उभीं असतात, पाठीवर दप्तर घेतलेलीं मुलें शिकवणीच्या वर्गाकडे जातांना दिसतात, परंतु "राज्य कोणावर?" ही हांक क्वचितच कानीं पडते. आजोबांच्या पिढीस ही शांतता चमत्कारिक वाटते. हल्लींचीं मुलें आळशी झालीं, असा निर्णय पुष्कळ पालक देऊन मोकळे होतात. आमच्या मतें हें निदान चुकीचें आहे; आणि निदान चुकलें म्हणजे औषधही चुकतें. म्हणून या प्रश्नाचा थोडा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आट्यापाट्यांचेंच उदाहरण घेऊं. या खेळास विकत घ्यावें असें कांहींच लागत नाहीं. जमिनीवर पाट्या आखल्या व दोन तट पाडले, कीं खेळ सुरू. एका तटानें पाट्या अडवावयाच्या. दुसऱ्यानें हुलकावण्या देत त्या ओलांडावयाच्या व परत यावयाचें. लगोरी, भोवरा, आपल्याकडे ज्यास गिल्लीदांडू म्हणतात तो विटीदांडू, आणि झाडावरची डाबडुबली, यांचीही हीच गोष्ट. पैसा लागत नाहीं. पण तीन गोष्टी मात्र अवश्य लागतात: जागा, वेळ आणि सोबती. या तिन्ही गोष्टी मुलांनीं हरवलेल्या नाहींत. आपण वडीलधाऱ्या माणसांनीं त्या त्यांच्याकडून काढून घेतल्या आहेत.

प्रथम जागा पाहूं. १९४१ सालीं नागपूरची लोकसंख्या तीन लाखांच्या सुमारास होती. २०११ सालच्या गणतींत ती २४ लाखांवर गेली. महालांतील जुन्या वाड्यांचीं अंगणें नाहींशीं होऊन तेथें फ्लॅटच्या इमारती उठल्या, आणि त्यांखालची जागा वाहनांनीं घेतली. कस्तुरचंद पार्क व रेशीमबाग यांसारखीं विस्तीर्ण मैदानें शहरांत आहेत खरीं. परंतु सभा व प्रदर्शनें यांसाठींही त्यांचा उपयोग होतो, आणि सात वर्षांच्या मुलानें तेथवर एकट्यानें जावें कसें? मुलाला मोठें मैदान नसलें तरी चालतें. आईची हांक ऐकूं येईल इतक्या अंतरावर मोकळा तुकडा मात्र पाहिजे.

आतां वेळ. नागपूरचा उन्हाळा कोणास सांगावयास नको. पारा ४५ अंशांवर चढतो, तेव्हां दुपारीं पांखरूंही बाहेर पडत नाहीं. खेळास उरतात त्या सकाळ आणि सायंकाळ. आणि नेमक्या त्याच वेळा शिकवण्यांनीं व्यापल्या. ओघानेंच सोबतीही गेले. घरांत एक किंवा दोन मुलें, आणि शेजारच्या प्रत्येक मुलाच्या वर्गाची वेळ निराळी! त्यांत वाहनांची भीति. ती तर अगदीं साधार आहे. अशा रीतीनें खेळ घर सोडून गेला, आणि त्या रिकाम्या घरांत मोबाईल येऊन बसला.

यांत हानि किती आहे? ५ ते १७ वर्षांच्या मुलांस दररोज सरासरी ६० मिनिटें तरी चांगला व्यायाम घडावा, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. परंतु २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या तिच्या पाहणीप्रमाणें, २०१६ सालीं भारतांतील ११ ते १७ वर्षांच्या मुलांपैकीं शेंकडा सुमारें ७४ जणांस इतका व्यायाम घडत नव्हता. डोळ्यांची गोष्ट तर याहून विचार करण्यासारखी आहे. चीनमधील ग्वांगझो शहरांत १२ शाळांतील पहिलीच्या मुलांवर एक प्रयोग झाला. निम्म्या शाळांत रोज ४० मिनिटांचा एक तास उघड्यावर घेतला. तीन वर्षांनंतर पाहतां, इतर शाळांत शेंकडा सुमारें ४० मुलांस दूरचें अंधुक दिसण्याचा दोष जडला होता. उघड्यावर जाणाऱ्या मुलांत हेंच प्रमाण सुमारें ३० होतें. खोलींतील दिव्यापेक्षां बाहेरचा उजेड कित्येक पटींनीं प्रखर असतो, आणि त्यामुळें डोळ्याच्या गोलकाची अवास्तव वाढ रोखली जाते, असें शास्त्रज्ञांचें अनुमान आहे.

शरीराहून सूक्ष्म अशी आणखी एक हानि आहे. गल्लींतल्या खेळास पंच नसतो. भिडू बाद झाला कीं नाहीं, हें मुलांनींच ठरवावयाचें. फार वेळ भांडलें तर अंधार पडतो आणि डाव बुडतो, हें प्रत्येकास ठाऊक असतें. म्हणून कोणीतरी पड खातो. धाकट्या भावंडास 'लिंबूटिंबू' म्हणून घेतात. त्याला खेळूं देतात, पण त्याच्यावर राज्य देत नाहींत. दुर्बळास सांभाळून घेण्याचा हा धडा कोणत्याही क्रमिक पुस्तकांत नाहीं, आणि शिक्षकाच्या शिटीवर चालणाऱ्या तासांतही तो पुरता मिळत नाहीं.

जुना काळ सर्वस्वीं चांगला होता, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. त्या काळीं मुलींस लवकर घरांत बोलावीत. गरिबांचीं मुलें कामास जुंपलीं जात. आणि जातीच्या भिंती मैदानावरही उभ्या असत. आज त्या मानानें पुष्कळ सुधारणा झाली आहे. जानेवारी २०२५ मध्यें दिल्लीस खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली, तींत भारताच्या पुरुषांप्रमाणेंच स्त्रियांच्या संघानेंही अजिंक्यपद मिळविलें. तेव्हां जुना काळ परत आणावयाचा नसून, त्या काळीं थोड्यांस मिळालेलें सुख आज सर्वांस द्यावयाचें आहे.

खेळ हा मुलांचा हक्क आहे, असें संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ सालच्या बालहक्क संहितेंत म्हटलें आहे, व १९९२ सालीं भारतानें ती मान्य केली. परंतु हा हक्क गल्लींत उतरावयाचा, तर पालकांनींच हात लावला पाहिजे. शेजारच्या चार घरांनीं मिळून सायंकाळचा एकच तास शिकवणीविना राखावा; तेवढा वेळ एका कोपऱ्यांतलीं वाहनें बाजूस घ्यावीं; एखाद्या आजोबांनीं ओट्यावर बसून लक्ष ठेवावें, पण न्याय देण्यास उठूं नये. आणि विद्यार्थिमित्रांनो, पहिली हांक तुम्हीं मारावी. दारीं आलेला सोबती पाहून घरांतला मित्र फार वेळ आंत बसत नाहीं, असा आमचा अनुभव आहे. पुढील वर्षीं हें वार्षिक आपल्या हातीं येईल, तेव्हां एका गल्लींत जरी पुन्हां पाट्या आखलेल्या दिसल्या, तरी हा लेख लिहिल्याचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.