खेळांतील रस्ता आणि खरा रस्ता

मोटारशर्यतींच्या व्हिडिओ-खेळांतील मार्ग हुबेहूब असतात, असें आमचा नातू म्हणे. आम्ही तें बालिश समजत होतों. चौकशीअंतीं आमचें मत पुष्कळ बदललें.

जर्मनींतील न्यूर्बुर्गरिंगचा उत्तरेकडील मार्ग १९२७ सालीं खुला झाला. लांबी सुमारें २१ किलोमीटर, चढउतार सुमारें ३०० मीटर. पूर्वीं खेळ रचणारे नकाशे व छायाचित्रें यांवर भागवीत. वळणें जुळत, पण उंचसखलपणा जुळेना. आतां लेसर-यंत्र मार्गावरून फिरवितात. किरण आदळून परत येण्यास लागलेल्या वेळावरून अंतर निघतें, आणि अशा असंख्य बिंदूंतून रस्त्याचा बारीकसा उंचवटाहि उमटतो. समोच्चरेषा शिकवितांना आम्हांस असें साधन मिळतें तर!

तथापि एक गोष्ट मनांत सलते. यान मार्डनबरो हा ब्रिटिश तरुण ‘ग्रॅन टुरिस्मो’ खेळतां खेळतां २०११ सालीं त्याच खेळाची स्पर्धा जिंकून खराखुरा शर्यतचालक झाला. २८ मार्च २०१५ रोजीं याच मार्गावर, फ्लुगप्लाट्झ येथील उंचवट्यावर त्याची मोटार हवेंत उचलली गेली, कुंपण ओलांडून पडली आणि एक प्रेक्षक मृत्यु पावला. दोष आम्ही कोणास देत नाहीं. पुढें तेथील उंचवटे सपाट करण्यांत आले. म्हणजे त्यापूर्वींच्या मापांवर रचलेला खेळ आतां खऱ्या रस्त्याशीं तेथें जुळत नाहीं.

“खेळांत मोटार कुंपणाबाहेर गेली तर?” आम्हीं नातवास विचारलें.

“एक कळ दाबायची, आजोबा. पुन्हां रस्त्यावर.”