चार दप्तरे, एक माणूस

श्रोतेहो, आपल्या गावातल्या एका माणसाची नोंद किती ठिकाणी असते, याचा कधी हिशेब केला आहे काय? जन्माची नोंद ग्रामपंचायतीत, शिक्षणाची शाळेच्या जनरल रजिस्टरात, दुखण्याची दवाखान्याच्या केसपेपरावर, आणि तंटाबखेडा झालाच तर पोलीस ठाण्यात. माणूस एकच, दप्तरे मात्र चार, आणि एका दप्तराला दुसऱ्याची खबर नाही. एरवी यात फारसे बिघडत नाही. पण घरातल्या मारहाणीचा किंवा लैंगिक अत्याचाराचा प्रश्न आला, की हीच गोष्ट जिवावर बेतू शकते. ही विखुरलेली दप्तरे जोडण्याचा प्रयत्न ऑस्ट्रेलिया देशात चालू आहे. तो कसा, ते आज पाहू.

तिथल्या सरकारी सांख्यिकी खात्याने २०२१-२२ साली लोकांना विचारून एक पाहणी केली. तीत असे दिसले, की दर चार स्त्रियांमागे सुमारे एकीने पंधरा वर्षांच्या वयानंतर कधी ना कधी जोडीदाराचा हिंसाचार सोसला आहे. आणि मागील दहा वर्षांत पुरुषाकडून लैंगिक हल्ला झालेल्या स्त्रियांपैकी शंभरातल्या ९२ जणींनी सांगितले, की शेवटच्या प्रसंगाची खबर पोलिसांना दिलीच गेली नाही. म्हणजे नुसते पोलिसांचे दप्तर उघडून बसले, तर बहुतेक दुःख त्यात सापडायचेच नाही.

मग या बायका कुठेच जात नाहीत का? जातात की! एखादी मोडलेला हात घेऊन इस्पितळात जाते. एखादी मुलांना घेऊन घर सोडते आणि रात्रीपुरता निवारा मागते. तिथल्या बेघरांसाठी असलेल्या मदतकेंद्रांत येणाऱ्या पाच जणांमागे जवळजवळ दोघांनी घरातला हिंसाचार भोगलेला असतो. आणखी एखादी सरकारी साहाय्य कचेरीत संकटकाळचे पैसे मागायला जाते. इस्पितळाला हात दिसतो, निवाऱ्याला रात्र दिसते, कचेरीला अर्ज दिसतो. सबंध बाई कुणालाच दिसत नाही.

अमेरिकेत जन्ममृत्यूच्या आकडेवारीचे काम पाहणारे हॅल्बर्ट डन यांनी १९४६ साली एक सुरेख कल्पना मांडली होती. प्रत्येक माणूस आपल्या आयुष्याचे एक पुस्तक लिहीत असतो. जन्म हे पहिले पान, मृत्यू हे शेवटचे. मधली पाने कचेऱ्या-कचेऱ्यांत विखुरलेली असतात. ती गोळा करून बांधणे म्हणजेच नोंदी जोडणे. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागातील राज्यात १९९५ पासून अशी पाने बांधण्याची कायम व्यवस्था आहे.

आता हे बांधायचे कसे? नाव एका ठिकाणी माहेरचे, दुसऱ्या ठिकाणी सासरचे. कुठे एक अक्षर चुकलेले, कुठे पत्ता बदललेला. म्हणून नाव, जन्मतारीख, पत्ता असे सगळे ताडून, दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या असण्याचा संभव किती, याचे गणित मांडतात. यात एक पथ्य पाळतात. जो नावे जुळवतो, त्याला आतला मजकूर दिसत नाही. जो मजकूर अभ्यासतो, त्याला नावे दिसत नाहीत. त्याच्या हाती येतो तो केवळ एक खूण-क्रमांक. शेजाऱ्याची गोष्ट शेजाऱ्याला कळू नये, पण गावाचे दुखणे वैद्याला कळावे, अशी ही युक्ती आहे.

याचा उपयोग काय झाला, ते ऐका. तिथल्या आरोग्य-कल्याण संस्थेने इस्पितळाच्या आणि मृत्यूच्या नोंदी जोडून पाहिल्या. घरच्या माणसाने केलेल्या इजेमुळे इस्पितळात राहावे लागलेल्या लोकांना पुढे हल्ल्यात मरण येण्याचा धोका इतर रुग्णांपेक्षा कित्येक पटींनी जास्त होता. आत्महत्येचा धोकाही अधिक होता. म्हणजे इस्पितळातली पहिली खेप हीच इशाऱ्याची घंटा असते. मलमपट्टी करून घरी पाठवले, की काम संपत नाही, हे आता आकड्यांनी सिद्ध झाले आहे.

पण मंडळी, हे दुधारी शस्त्र आहे. त्याच देशात सरकारने मदत घेणाऱ्यांच्या नोंदी आयकराच्या नोंदींशी यंत्राने ताडल्या, वर्षाच्या मिळकतीची ढोबळ सरासरी काढली आणि हजारो गरिबांच्या माथी नसलेले कर्ज मारले. ‘रोबोडेट’ नावाने ही योजना कुप्रसिद्ध झाली. सरकारला पैसे परत करावे लागले, आणि २०२३ साली चौकशी आयोगाने तिच्यावर कडक ताशेरे ओढले. तेव्हा नोंदी जोडायच्या त्या दुःख समजण्यासाठी. माणसाला पकडण्यासाठी नव्हेत. मदत मागितली तर नाव सगळीकडे फिरेल अशी धास्ती बाईला बसली, तर ती कुठल्याच दारी जायची नाही.

आणि मुळात जे पान लिहिलेच नाही, ते बांधणार कसे? “पाय घसरून पडले” एवढेच केसपेपरावर राहिले, तर कितीही हुशार यंत्र आले तरी त्याला खरे कळत नाही. आपल्याकडेही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसले, की हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी शंभरातल्या केवळ १४ जणींनी कुणाची मदत मागितली. २००५ च्या कायद्याप्रमाणे संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रारीचा रीतसर अहवाल लिहिला जातो. १८१ या क्रमांकावर स्त्रियांना मदत मागता येते. आणि गुरुजनहो, मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर ते पोलिसांना कळवणे २०१२ च्या कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे.

सगळ्या दप्तरांच्या आधी एक दप्तर असते, ते म्हणजे ऐकणाऱ्याचा कान. तिथे पहिली नोंद नीट झाली, तरच पुढची पाने जुळतात.