चारही चाकं (लेखांक ११) : एटी काढून एमटी टाकण्याआधी

मागच्या लेखांकात हवा कमी केल्यावर टायर जमिनीवर कसा पसरून बसतो ते पाहिलं. त्यावर आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच होता : हवा काढूनही पावसाळ्यात गाडी रुतते, तर कंपनीचे एटी काढून एमटी टाकू का? थारवाल्यांची पत्रं जास्त. 2020 मध्ये आलेल्या थारच्या वरच्या मॉडेलला 255/65 आर 18 मापाचे ऑल-टेरेन टायर होते. दिसायला दणकट, पण आषाढात मावळातल्या एखाद्या पाणंदीत शिरलात की गाडी जागच्या जागी चाकं फिरवत बसते.

अशा वेळी खाली उतरून टायर नीट बघावा. ठोकळ्यांमधल्या खाचा काठोकाठ भरलेल्या असतात. काळ्या शेतातून चालताना चपलेवर मातीचा थर चढत जातो, तसंच. नक्षी जागेवर आहे, पण जमिनीला टेकतोय तो मातीने लिंपलेला गोटा. एटीच्या खाचा अरुंद असतात त्या डांबरासाठी. रबर जास्तीत जास्त टेकावं, आवाज कमी यावा आणि ब्रेक नीट लागावा, हा त्यामागचा हिशेब. शिवाय प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने मारल्यासारख्या बारीक चिरा असतात. ओल्या रस्त्यावर पकड मिळते ती मुख्यतः या चिरांच्या कडांमुळे.

मड-टेरेनमध्ये, म्हणजे एमटीत, ठोकळे मोठे, खोल आणि एकमेकांपासून लांब. चाक फिरलं की खाचेतली माती भिरकावली जाते आणि तोच ठोकळा पुढच्या फेऱ्याला मोकळी धार घेऊन मातीत घुसतो. कडेचे ठोकळे साइडवॉलवरही उतरलेले असतात, ते चाकोरीच्या भिंतीला धरतात. पण माती भिरकावायला चाकाला वेग लागतो. कित्येक जण फोर लो आणि पहिला गिअर टाकून मुंगीच्या चालीने चिखलात शिरतात, एमटीही भरून घेतात आणि मग टायरला नावं ठेवतात. फोर लोमध्ये दुसरा, जमलं तर तिसरा गिअर घ्यावा आणि चाक जरा फिरू द्यावं.

आता खरा मुद्दा. चिखल कुठला?

घाटमाथ्यावर आणि कोकणात वरचा चिखल बहुधा वितभर असतो, त्याखाली मुरूम, जांभा किंवा सरळ कातळ. खाली धरायला तळ आहे. एमटीचा ठोकळा वरचा राडा कापून त्या तळाला पोहोचला की गाडी निघते. इथे एमटी पैसे वसूल करतो. काळ्या पत्थराच्या धारदार कपच्यांनी साइडवॉल फाटण्याचा धोकाही कमी होतो, कारण एमटीची साइडवॉल सहसा जाड असते. विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या मातीची गोष्ट वेगळी. पाणी प्यालं की फुगणाऱ्या चिकणमातीची ही जमीन, तळ हाताशी लागत नाही आणि चिकटपणा असा की एमटीच्या रुंद खाचाही थोड्या वेळात भरतात. शेतकरी तिथे ट्रॅक्टर घालताना वाफसा का बघतो, ते रुतल्याशिवाय कळत नाही. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरच्या तिरप्या पट्ट्या बघा, एमटीच्या ठोकळ्यांपेक्षा कितीतरी उंच आणि विरळ. आणि भातखाचरात चिखलणी करताना त्यांनाही लोखंडी केज व्हील जोडावं लागतं. तेव्हा भर पावसात काळ्या रानात शिरायचं म्हणून एमटी घेणार असाल, तर त्या पैशांत चांगला पट्टा, दोन शॅकल आणि एक फावडं घ्या. वाफसा येईपर्यंत थांबायला तर तेवढेही लागत नाहीत.

रुंद टायर म्हणजे चिखलात भारी, हाही एक समज. महिंद्राने 1947 पासून मुंबईत जोडायला घेतलेल्या विलिस जीपचा टायर 6.00-16 मापाचा होता, म्हणजे जेमतेम सहा इंच रुंद. तळ असलेल्या चिखलात अरुंद टायर वरचा थर कापून लवकर खाली पोहोचतो. तळच नसेल तिथे रुंद टायर बरा, कारण तो तरंगतो.

एमटीची किंमत वळती होते ती घाटात. चिखलाच्या वाटेपर्यंत पोहोचायला आधी ताम्हिणी, वरंधा नाहीतर आंबोली उतरावा लागतो. पावसात, धुक्यात आणि पुढे एसटी असताना. एमटीचं रबर रस्त्याला कमी टेकतं, चिरा जेमतेम असतात आणि उंच ठोकळे ब्रेक मारल्यावर किंचित लवतात. पाणी खोल साचलेल्या ठिकाणी एमटी वाईट वागत नाही, रुंद खाचांतून पाणी निघून जातं. धोका आहे तो नुसत्या ओल्या, वर शेवाळाचा नाहीतर डिझेलचा तवंग असलेल्या डांबरावर. तिथे गाडी तुमच्या अंदाजापेक्षा पुढे जाऊन थांबते. टायर बदलल्यावर पहिलं काम म्हणून एखाद्या मोकळ्या ओल्या रस्त्यावर, मागे कोणी नाही बघून, 40 च्या वेगाला जोरात ब्रेक मारून अंदाज घ्यावा. चिखलाचे व्हिडिओ नंतर.

आवाजाचं म्हणाल तर तो येणारच. कंपन्या ठोकळ्यांची लांबी मुद्दाम कमीजास्त ठेवतात, म्हणजे एकच सूर कानात घुमत नाही. तरी 80 च्या पुढे गुणगुण सुरू होते. टायरची जागा वेळच्या वेळी बदलली नाही तर ठोकळे एका बाजूने झिजतात आणि गुणगुणीची घरघर होते. पाच-सात हजार किलोमीटरला चाकं फिरवा, स्टेपनीसकट. मायलेज थोडं पडेल, पिकअपही. जड चाक फिरवायला इंजिनाला जास्त जोर लागतो.

दुकानात गेलात की हमखास सल्ला मिळतो : एक साइज वर घ्या, लूक येतो. 245/75 आर 16 च्या जागी 265/75 आर 16 घेतला तर चाकाचा व्यास सुमारे 30 मिलिमीटरने वाढतो. गाडीची उंची त्याच्या निम्मी, म्हणजे 15 मिलिमीटर. स्पीडोमीटर मात्र 80 दाखवेल तेव्हा तुम्ही 83 ने जात असाल, आणि पूर्ण स्टिअरिंग फिरवल्यावर टायर आतल्या लायनरला घासतो का ते बघावं लागेल. कायद्याचं लफडं वेगळंच. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे बदल चालत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलं आहे. माप तेच ठेवून नक्षी बदला, डोक्याला ताप नको. साइडवॉलवरचे आकडेही वाचा : 112 म्हणजे एका टायरवर 1120 किलोपर्यंत भार, आणि त्यापुढचं क्यू म्हणजे वेगमर्यादा 160. बऱ्याच एमटींवर क्यूच असतो. भाराचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी नसला पाहिजे.

स्टेपनीत काटकसर नको. चार एमटी आणि पाचवा जुना एटी असं केलंत, तर पंक्चर झाल्यावर एका चाकाचा व्यास वेगळा पडतो. थारसारख्या गाडीत फोर हाय टाकलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र बांधले जातात. त्या फरकाचा ताण ट्रान्सफर केस सोसत राहते.

माझं मत विचाराल तर पुण्या-मुंबईत रोज गाडी काढणाऱ्याने वर्षभर एमटीवर फिरू नये. लडाखच्या रस्त्यांना एटी पुरतो. मऊ वाळूत तर एमटी खड्डा खणून स्वतःला पुरून घेतो. गोव्यात 2014 पासून भर पावसात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजमधल्या गाड्या बघून टायर ठरवू नका. ती स्पर्धेसाठी बांधलेली यंत्रं, आणि त्यांतल्या बऱ्याच ट्रेलरवर बसून मैदानात येतात. मधला मार्ग हवा असेल तर अलीकडे रग्ड-टेरेन मिळतात, योकोहामाचा जिओलँडर एक्स-एटी किंवा टोयोचा ओपन कंट्री आर/टी. खांदा एमटीसारखा आणि मधली नक्षी त्यामानाने दाट. ज्यांचा पावसाळा खरोखर चिखलात जातो त्यांनी साध्या लोखंडी रिमवर एमटीचा वेगळा संच ठेवावा, जूनमध्ये चढवावा आणि दिवाळीआधी उतरवावा. खर्चाचं मी काही म्हणत नाही, पण सोसायटीत चार टायर ठेवायला जागा मिळवणं त्याहून अवघड.

आणि एमटी टाकलेत म्हणून सड्यावर गाडी घालू नका. कासच्या आसपासच्या कातळावर माती बोटभर असते, त्यातच फुलांचं बी. एमटीच्या एका फेरीत ती खरवडून निघते. शेताच्या बांधाचंही तेच. तुमच्या चाकोरीतून पुढच्या पावसात पाणी वाट काढतं आणि बांध दुरुस्त करायला शेतकऱ्याचा दिवस मोडतो.

पुढच्या आठवड्यात विंच : दोर लोखंडी की सिंथेटिक, आणि झाडाला बांधताना पट्टा का लागतो.