बोलून लिहा, पण सही करण्याआधी वाचून घ्या!



गटाचं इतिवृत्त लिहायची वेळ आली की अजूनही बऱ्याच गटांत वही एकीकडून दुसरीकडं सरकते. "तूच लिही बाई, माझं अक्षर चांगलं नाही." आता मात्र यावर एक सोपी सोय आपल्या हातातच आहे. मोबाईलच्या कीबोर्डवर माइकचं चिन्ह असतं. ते दाबून मराठीत बोललं की समोर अक्षरं उमटतात. गुगलने ऑगस्ट २०१७ मध्ये मराठीसह आठ भारतीय भाषांसाठी ही सोय आणली. व्हॉट्सअ‍ॅपचा निरोप, अर्जाचा कच्चा मसुदा, बैठकीचं टिपण असं बरंच काही बोलून लिहिता येतं.

तक्रार मात्र सगळीकडं एकच: "मी बोलते एक आन् त्यो लिहितो भलतंच!" काहीजणी तर म्हणतात, "आपली भाषाच गावठी, त्याला काय कळणार?" ताईंनो, हा विचार आधी मनातून काढून टाका. चूक का होते ते समजून घेऊ, म्हणजे ती कमी कशी करायची तेही कळेल.

मोबाईल ऐकतो कसा?

मोबाईल आपल्या आवाजाचे अगदी बारीक तुकडे करतो. कोणता तुकडा कोणत्या अक्षराशी जुळतो याचा अंदाज बांधतो. मग मागचे-पुढचे शब्द बघून तिथं कोणता शब्द बसेल ते ठरवतो. म्हणजे सगळा अंदाजाचा कारभार! हा अंदाज तो शिकतो आधी रेकॉर्ड करून ठेवलेल्या हजारो तासांच्या बोलण्यावरून. जसं बोलणं त्याने जास्त ऐकलं, तसं त्याला चांगलं कळतं. कोकणातली सून पारनेरला नांदायला आली, की सुरुवातीला तिला आपलं बोलणं पटकन उमगत नाही. कानाला सवय झाली की उमगतं. मोबाईलचंही तसंच आहे.

अडचण अशी, की शिकवण्यासाठी लागणारे आवाज बहुतेक वेळा शहरातल्या, शिकलेल्या लोकांचे घेतले जातात. त्यामुळे "होतं" लगेच कळतं, "व्हतं" ला अडखळतो. "नाही" कळतं, "न्हाई" निसटतं. यात बोलीचा दोष नाही, त्याने ती कमी ऐकली आहे.

याबाबत मराठीवरच झालेला एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात खेड्यातले कमी उत्पन्नाचे लोक, शहरातले कमी उत्पन्नाचे लोक आणि विद्यापीठातले विद्यार्थी अशा ३६ जणांकडून १०९ तासांचं मराठी बोलणं रेकॉर्ड केलं. दिवसरात्र सलग ऐकलं तरी साडेचार दिवस पुरेल एवढं! निष्कर्ष काय निघाला? कमी उत्पन्नाच्या लोकांनी केलेलं काम विद्यार्थ्यांच्या कामाच्या तोडीचं होतं. केंद्र सरकारच्या 'भाषिणी' या उपक्रमातही 'भाषादान' नावाने लोकांकडून त्यांच्या भाषेतले आवाज घेतले जातात. खेड्यातल्या बायांचे आवाज जेवढे जास्त जातील, तेवढी ही सोय आपल्या कामाची होईल.

चुका तीन प्रकारच्या

१. शब्द बदलतो: "साठ" चं "सात" होतं.
२. शब्द सुटतो: बोललेला शब्द उमटतच नाही.
३. शब्द घुसतो: शेजारी कुणी बोललं तर तेही लिहिलं जातं.

शंभर शब्दांत अशा चुका किती, यावरून अचूकपणा मोजतात. पण आपल्यासाठी सगळ्या चुका सारख्या नाहीत. "बैठक" च्या जागी "बैठका" आलं तर बिघडत नाही. "कर्ज मंजूर केले नाही" यातला "नाही" सुटला, तर शंभरात चूक एकच, पण ठराव उलटा! सात हजार आणि साठ हजार यांतला फरक तर फेडणाऱ्या बाईलाच भोगावा लागतो.

चुका कमी करण्यासाठी

- कीबोर्डच्या भाषेत "मराठी (भारत)" निवडा. इंग्रजी किंवा हिंदी चालू असेल तर मराठी नीट उमटत नाही.
- मोबाईल तोंडापासून साधारण वीतभर अंतरावर धरा. माइकच्या भोकावर बोट किंवा कव्हर नको.
- पंखा, गिरणी, टीव्ही यांपासून बाजूला या. एका वेळी एकीनेच बोला.
- एकेक शब्द तोडून बोलू नका. पूर्ण वाक्य नेहमीच्या चालीत बोला, कारण मागच्या-पुढच्या शब्दांवरूनच तो अंदाज बांधतो. वाक्य संपलं की थांबा, बघा, मग पुढचं बोला.
- रक्कम, तारीख आणि हप्ता हातानेच टाइप करा. "दीड", "अडीच", "पावणेदोन" इथं गोंधळ हमखास होतो.
- सभासदांची व गावांची नावं (कर्जुले हर्या, ढवळपुरी, अळकुटी वगैरे) एकदा नीट लिहून मोबाईलमध्ये जपून ठेवा आणि तिथून कॉपी करा.
- बऱ्याचदा आपला आवाज इंटरनेटवरून कंपनीच्या यंत्रणेकडे जातो. म्हणून ओटीपी, आधार क्रमांक, खाते क्रमांक माइकवर कधीही बोलू नका.

एक नियम सगळ्या गटांसाठी

बोलून लिहिलेलं इतिवृत्त वहीत उतरवण्याआधी बैठकीत मोठ्याने वाचायचं. वाचणारी बाई लिहिणारीपेक्षा वेगळी असावी. कोणाला किती कर्ज, किती हप्ते, मंजूर की नामंजूर, या तीन गोष्टी ज्या सभासदाच्या आहेत तिने स्वतः "बरोबर" म्हणायचं. मगच सही किंवा अंगठा. ज्या ताईंना वाचता येत नाही, त्यांना आपला हिशोब तपासायची हीच तर संधी असते. ती कुणाची हुकता कामा नये.

पुढच्या बैठकीत एक प्रयोग करून बघा. मागच्या इतिवृत्तातले शंभर शब्द माइकवर वाचा आणि चुका मोजा. मग वरच्या सूचना पाळून तेच पुन्हा वाचा. दोन्ही आकडे आणि चुकलेले शब्द आपल्या सीआरपी ताईंकडे द्या. सगळ्या गटांचे शब्द एकत्र आले की आपल्या भागात कोणते शब्द हमखास चुकतात त्याची यादी करून पुढच्या अंकात देऊ.

– क्षेत्र समन्वयक, पारनेर