ट्रान्सफर पेटीतील अडकाव

मोटारगाडीच्या गतिपेटीतून येणारी शक्ती पुढील व मागील अशा दोन्ही आसांकडे वाटून देणाऱ्या दंतचक्रांच्या पेटीस ट्रान्सफर पेटी म्हणतात. जुन्या जीप, लष्करी मालमोटारी व पिकअप गाड्या यांत ती बहुधा दांड्याने चालविली जाते. चार चाकांचे चालन चालू केल्यानंतर हा दांडा दोन चाकांच्या चालनाच्या जागी परत न येणे, हा तिचा नेहमी आढळणारा दोष होय. अशा वेळी पुष्कळदा पेटीतील कोणताही भाग मोडलेला नसतो. मात्र दांड्यावर अवाजवी जोर दिल्यास तो मोडण्याचा संभव असतो. म्हणून पेटी उघडण्यापूर्वी अडकण्याचे कारण ओळखणे महत्त्वाचे ठरते.

कारणे : वळणावर पुढील चाके मागील चाकांपेक्षा मोठ्या वर्तुळातून जातात, त्यामुळे त्यांना अधिक अंतर तोडावे लागते. जुन्या पद्धतीच्या पेटीत पुढील व मागील चालन दंड एकमेकांशी पक्के जोडले जातात. त्यांच्या वेगांतील फरक सामावून घेणारा डिफरन्शियल मध्ये नसतो. चिखलात किंवा वाळूत चाके थोडी घसरून हा फरक भरून निघतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर ती घसरत नाहीत व दोन्ही दंडांत पीळ साठत जातो. या पिळाने दंतचक्रांचे दाते एकमेकांवर इतके दाबले जातात की, सरकते दंतचक्र जागचे हलत नाही. सुकाणू जड होणे व वळणावर टायर कुरकुरणे ही त्याची पूर्वचिन्हे होत. पुढील व मागील टायर कमीअधिक झिजलेले असल्यास सरळ रस्त्यावरही पीळ साठतो.

१९४१ पासून तयार झालेल्या विलीज जीपमध्ये ट्रान्सफर पेटीसाठी दोन दांडे असतात : एक पुढील आस जोडण्यासाठी व दुसरा वरची किंवा खालची श्रेणी निवडण्यासाठी. पुढील आस जोडलेला असल्याखेरीज खालची श्रेणी लागू नये, अशी अटकाव योजना पेटीत असते. त्यामुळे खालच्या श्रेणीत असताना पुढील आस सोडविता येत नाही. हा दोष नसून संरक्षण आहे; आधी वरची श्रेणी घ्यावी लागते. पुढे मुंबईत महिंद्र अँड महिंद्र कंपनीने याच घराण्यातील जीप गाड्या तयार केल्याने ही रचना महाराष्ट्रातील जुन्या कारागिरांच्या परिचयाची आहे.

तपासणी व उपाय : प्रथम गाडी सरळ रेषेत काही मीटर मागे घ्यावी आणि प्रवेगक सोडून दांड्यावर हलका दाब ठेवावा. पीळ उलट दिशेने सुटताच दांडा सहज सरकतो. रस्त्याकडेच्या सैल मातीवरून गाडी चालविल्यानेही हेच साधते. एवढ्याने न भागल्यास मागील चाकांना दोन्ही बाजूंनी अटकण लावून पुढील एक चाक जॅकने उचलावे. साठलेला पीळ सुटताना हे चाक एकाएकी फिरते, म्हणून हात व कपडे त्यापासून दूर ठेवावेत. जुन्या जीपचा हातब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर पेटीच्या मागील दंडावर असतो. मागील एक चाक उचलल्यास डिफरन्शियलमुळे तो गाडी धरून ठेवू शकत नाही. पेटी तटस्थ स्थितीत असताना गतिपेटीत गिअर टाकून ठेवल्यानेही गाडी थांबून राहत नाही.

पीळ सुटूनही दांडा न हलल्यास बाहेरील जोडदांडे पेटीपासून सोडवावेत व पेटीची सरकदांडी स्वतंत्रपणे हलवून पाहावी. ती हलल्यास दोष गंजलेल्या किंवा वाकलेल्या जोडणीत असतो. साफसफाई, वंगण व योग्य जुळणी यांनी तो दूर होतो. न हलल्यास पेटीतील तेल काढून पाहावे. दुधाळ तेल पाणी शिरल्याचे, तर पोलादाचे तुकडे दाते किंवा धारवे झिजल्याचे दर्शवितात. वाकलेला काटा, अडकलेली अटकाव गोळी किंवा दात्यांच्या मोडलेल्या कडा यांसाठी मात्र पेटी उतरवून उघडणे अपरिहार्य असते.

प्रतिबंध : चारही टायर एकाच मापाचे व जवळजवळ सारख्या झिजेचे ठेवणे, तेलाची पातळी तपासणे, दांडा अधूनमधून वापरात ठेवणे आणि कोरड्या पक्क्या रस्त्यावर येताच पुढील आस सोडविणे, एवढ्याने हा अडकाव बहुतांशी टाळता येतो.