विश्लेषण : बाथरूममधील लाद्यांच्या सांध्यांना चिरा; वरून पांढरा सिमेंट फासून भागते का?

खालच्या घराच्या छताला ओल आली, की गृहनिर्माण संस्थेत पहिले बोट वरच्या घरातील बाथरूमकडे दाखवले जाते. अनेकदा ते योग्यही असते. आदर्श उपविधींनुसार बाहेरच्या सामाईक वाहिन्यांमधून होणाऱ्या गळतीची दुरुस्ती संस्थेने करायची असते, घरातील दुरुस्ती मात्र सभासदाने स्वखर्चाने. म्हणूनच सांध्यातली केसाएवढी चीर वेळीच पाहिलेली बरी.

सांधे का फुटतात?

लाद्यांमधल्या फटीत भरतात ते ग्राउट. पूर्वी गवंडी तिथे सरसकट पांढरा सिमेंट भरत, आजही भरतात. कालवताना पाणी जास्त झाले, तर हे मिश्रण वाळताना आकसते आणि चिरते. दुसरे कारण म्हणजे अ‍ॅसिड. लाद्या लख्ख दिसाव्यात म्हणून ओतलेले अ‍ॅसिड सांध्यातला सिमेंट खाते. लादी चकाकते, सांधा पोखरतो. तिसरे कारण अधिक गंभीर. लादीखाली मसाला नीट पसरलेला नसेल, तर पाय पडला की ती किंचित हलते आणि कितीही वेळा भरला तरी सांधा तुटतोच. नाण्याने टकटक करून पाहावे. आवाज पोकळ आला, तर ती लादी उचलून पुन्हा बसवण्याला पर्याय नाही.

गळती सांध्यांतूनच आहे कशावरून?

खालची ओल दिवसरात्र सारखी राहत असेल, तर भिंतीतल्या पाण्याच्या पाइपवर आधी संशय घ्यावा. आंघोळीनंतर वाढत असेल, तर जमीन, सांधे किंवा नहाणी ट्रॅपच्या भोवतालची फट. (हार्डवेअरच्या दुकानातल्या या शब्दात आपली न्हाणी अजून टिकून आहे.) मुळात ग्राउट म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे. पाणी अडवण्याचे काम लादीखालच्या विटांच्या तुकड्यांच्या कोब्याचे किंवा रासायनिक लेपाचे. तो थरच गेला असेल, तर नवे ग्राउट गळती फार तर कमी करील. ‘लाद्या न फोडता हमखास इलाज’ सांगणाऱ्याला हा प्रश्न जरूर विचारावा.

दुरुस्ती कशी करतात?

जुन्या ग्राउटवर नवा पातळ थर फासणे ही सर्वाधिक केली जाणारी आणि सर्वात निरुपयोगी दुरुस्ती. त्याला धरायला जागाच नसते, काही दिवसांत पापुद्रे निघतात. जुने ग्राउट खरवडणीने किंवा छोट्या यंत्राने सांध्याच्या किमान दोन तृतीयांश खोलीपर्यंत काढावे लागते. लाद्यांच्या कडा न उडवता हे करणे वेळखाऊ असते आणि मजुरी खरी तिथेच लागते. मग धूळ काढून सांधे पूर्ण वाळू द्यायचे.

भरायचे काय? सिमेंटचे ग्राउट स्वस्त आणि हाताळायला सोपे, पण पाणी शोषते. राळ आणि हार्डनर मिसळून होणारे इपॉक्सी ग्राउट महाग. मात्र ते पाणी जवळजवळ शोषत नाही आणि डागही कमी धरते. रोजच्या ओल्या जमिनीसाठी तेच सरस. ते लवकर घट्ट होते, म्हणून थोडे थोडेच कालवावे आणि लाद्यांवर सांडलेले लगेच पुसावे. मिश्रण रबरी पट्टीने, सांध्याला तिरके ओढत, दाबून भरतात. सरळ ओढले तर पट्टी ते उकरून काढते.

जमीन आणि भिंत मिळते त्या कोपऱ्यात मात्र ग्राउट भरू नये. तिथे दोन पृष्ठभाग वेगवेगळे हलतात, त्यामुळे बुरशीरोधक सिलिकॉन सीलंटच टिकते.

सिमेंटचे ग्राउट असेल तर किमान 24 तास पाणी ओतू नये. इपॉक्सीसाठी पाकिटावरची मुदत पाळावी. घरात एकच बाथरूम असेल, तर शेजाऱ्यांकडे आधीच बोलून ठेवलेले बरे. ग्राउट पक्के झाल्यावर ट्रॅपला बूच लावून जमिनीवर 24 तास पाणी साठवावे आणि खालच्या घरात जाऊन छत पाहावे.